अधिवृक्क ग्रंथींचे विकार आणि हाडांचे आरोग्य

मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या, प्रत्येकी जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या दोन ग्रंथींतून स्रवणाऱ्या द्रव्यांचा माणसाच्या कण्याशी काही संबंध असेल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत वैद्यकाच्या मनात फारशी आलेली नव्हती. या ग्रंथींना मराठीत अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. दवाखान्यातील बोलण्यात मात्र अ‍ॅड्रीनल हेच नाव रुळले आहे. रोममध्ये काम करणाऱ्या बार्तोलोमेओ युस्ताकी या शरीररचनाशास्त्रज्ञाने १५६३ च्या सुमारास त्यांचे वर्णन केले आणि त्यानंतर जवळजवळ तीन शतके त्या कशासाठी आहेत हा प्रश्न तसाच राहिला. १८५५ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील टॉमस अ‍ॅडिसन यांनी, ज्यांची त्वचा काळवंडत जाते, अंगातली शक्ती ओसरत जाते आणि जे अखेर दगावतात अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात याच ग्रंथी रोगग्रस्त आढळतात हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार यांनी या ग्रंथी काढून टाकलेले प्राणी जगत नाहीत, असे प्रयोगाने सिद्ध केले. ग्रंथींच्या अभावाने काय होते हे असे आधी कळले. त्यांच्या अतिरेकाने काय होते आणि त्याची किती जबर किंमत हाडांना मोजावी लागते, हे ध्यानात यायला आणखी पाऊण शतक लागले.

प्रस्तुत लेखाचा भर या दुसऱ्या भागावर आहे. त्यामागील प्रतिपादन एवढेच की, अधिवृक्क संप्रेरकांच्या विकारात, आणि त्याच जातीची औषधे घेताना, हाडांचा विचार सर्वांत शेवटी, म्हणजे हाड मोडल्यावर करण्याची जी सवय वैद्यकाला आणि रुग्णांना लागलेली आहे ती शास्त्राला धरून नाही, कारण हानीचा सर्वांत वेगवान काळ हा सुरुवातीचाच असतो आणि तो बहुतेक वेळा वेदनेविना निघून जातो.

अधिवृक्क ग्रंथीचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागाला बाह्यक म्हणतात व त्याचे तीन थर असतात: सर्वांत वरच्या थरातून अल्डोस्टेरॉन हे शरीरातील मीठ-पाण्याचा आणि रक्तदाबाचा तोल राखणारे संप्रेरक स्रवते, मधल्या व सर्वांत जाड थरातून कॉर्टिसॉल, तर आतल्या थरातून डीएचईए या नावाने ओळखली जाणारी, पुढे इतर ऊतकांत पुरुषी व स्त्रैण संप्रेरकांत रूपांतरित होणारी द्रव्ये तयार होतात. गाभ्याच्या भागाला मध्यक म्हणतात आणि अ‍ॅड्रेनलिन तिथले. कॉर्टिसॉलच्या निर्मितीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीचा अंमल चालतो; तिच्याकडून येणाऱ्या एसीटीएच या संदेशानुसार कॉर्टिसॉलची रक्तातील पातळी पहाटे चढते, जाग येण्याच्या सुमारास शिखरावर असते आणि मध्यरात्री तळाशी जाते. ही दैनंदिन लय बिघडणे हीच अनेकदा विकाराची पहिली खूण असते, म्हणून मध्यरात्रीच्या लाळेतील कॉर्टिसॉल मोजण्याची चाचणी निदानासाठी वापरली जाते.

हाडाकडे वळताना एक गैरसमज बाजूला ठेवावा लागतो. वाढ थांबल्यावर हाड तयार होऊन पडलेले असते असे सर्वसाधारणपणे मानले जाते, प्रत्यक्षात प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने घडवला जातो. जुने हाड विरघळवून काढणाऱ्या पेशींना अस्थिभक्षक पेशी आणि तिथे नवे हाड घालणाऱ्या पेशींना अस्थिजनक पेशी म्हणतात. एका ठिकाणचे जुने हाड काढायला साधारण तीन आठवडे लागतात, तर ती जागा भरून त्यात खनिज बसायला तीन ते चार महिने. म्हणजे मोडणे झटपट आणि बांधणे सावकाश. या दोहोंखेरीज हाडाच्या घट्ट भागात अडकून राहिलेल्या, संख्येने सर्वांत अधिक असलेल्या अस्थिपेशी असतात, आणि कोठे ताण पडतो आहे, कोठे सूक्ष्म तडा गेला आहे, कोठे दुरुस्ती हवी हे संदेश त्याच पाठवतात. हाडाचे स्वरूपही दोन प्रकारचे असते. हातापायांच्या लांब हाडांचे बाहेरचे कवच घट्ट असते. मणके, फासळ्या आणि खुब्याजवळचा भाग यांच्या आत मात्र नाजूक पट्ट्यांची जाळी असते. सांगाड्याच्या वजनात या जाळीदार हाडाचा वाटा पाचवा असला तरी त्याचा पृष्ठभाग फार मोठा असल्याने घडामोड तिथे वेगाने होते, आणि म्हणूनच संप्रेरकांचा बिघाड प्रथम मणक्यांत प्रकट होतो. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

कॉर्टिसॉलच्या अतिरेकाचे चित्र प्रथम स्पष्टपणे रेखाटले ते अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी. १९१२ मध्ये त्यांनी अशा एका तरुण रुग्ण स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले होते आणि १९३२ मध्ये जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलच्या पत्रिकेत अशा अनेक रुग्णांची एकत्र मांडणी करून त्यांनी पियूषिका ग्रंथीतील सूक्ष्म गाठीकडे बोट दाखवले. गोल झालेला चेहरा, पोटावर साचलेली चरबी आणि त्यामानाने काडीसारखे हातपाय, पोटावरचे जांभळट पट्टे, वाढलेला रक्तदाब ही लक्षणे आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला तोंडपाठ असतात. परंतु कुशिंग यांच्या त्या यादीत पाठीला येणारा बाक, मोजता येईल इतकी कमी झालेली उंची आणि कमरेतील दुखणे यांचाही समावेश होता, हे सहसा विसरले जाते. पुढल्या दशकात बोस्टनमधील फुलर ऑल्ब्राइट यांनी या ठिसूळपणाचा उलगडा करण्याचा प्रयत्न केला आणि कॉर्टिसॉल जसे स्नायूंतील व त्वचेतील प्रथिने झिजवते तसे ते हाडाचा प्रथिनमय पायाच बांधू देत नाही, असे सुचवले. तपशील पुढे पुष्कळ बदलले, तरी ऑल्ब्राइट यांच्या मांडणीतला गाभा, की इथे मुख्य दोष हाड जास्त झिजण्यात नसून नवे हाड न घडण्यात आहे, तो टिकून राहिला आहे.

आज ज्ञात असलेली यंत्रणा अशी आहे. अस्थिमज्जेतील मूळ पेशींपुढे दोन वाटा असतात, अस्थिजनक पेशी होण्याची आणि चरबीच्या पेशी होण्याची. कॉर्टिसॉलच्या अतिरेकामुळे त्या दुसऱ्या वाटेला लागतात आणि ज्या अस्थिजनक झालेल्या असतात त्या काम पुरे होण्याआधीच मरतात. हाडनिर्मितीला चालना देणारा विंट नावाचा जो पेशींतर्गत संदेशमार्ग आहे त्याला अडवणारी स्क्लेरोस्टिनसारखी प्रथिने वाढतात, अस्थिपेशींचाही मृत्यू होतो, आणि संदेश पाठवणारेच उरले नाहीत म्हणजे सूक्ष्म तडे दुरुस्तीविना साचत राहतात. पहिल्या काही महिन्यांत याला आणखी एक संकट जोडले जाते: अस्थिभक्षक पेशींना जागवणारे रँकलिगंड हे प्रथिन वाढते व त्यांना आवर घालणारे घटते, त्यामुळे बांधणी मंदावलेली असतानाच मोडणी वेग धरते. हाडाबाहेरही नुकसान चालूच असते. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, मूत्रातून अधिक जाते, लैंगिक संप्रेरके आणि वाढीचे घटक खालावतात, मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू अशक्त होतात. खुर्चीवरून हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणारा माणूस पडण्याची शक्यता जास्त आणि पडल्यावर हाड मोडण्याचीही जास्त, असा तो दुहेरी धोका असतो.

यात एक बारीक पण महत्त्वाचा मुद्दा आहे. अस्थिजनक पेशींत एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, असे असते की ते निष्क्रिय कॉर्टिसोनचे सक्रिय कॉर्टिसॉलमध्ये रूपांतर करते, आणि या विकराचे प्रमाण वयाबरोबर वाढते. म्हणजे रक्तातील पातळी सारखीच असली तरी साठीतल्या माणसाच्या हाडाला ती तिशीतल्या माणसाच्या हाडापेक्षा अधिक जाचक ठरू शकते. एकाच मात्रेने एकाचे मणके दबतात आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, या नेहमीच्या कोड्याचा एक भाग तरी इथे सुटतो.

कॉर्टिसॉलजन्य ठिसूळपणाचे मोजमाप करणे हे त्याच्या यंत्रणेइतकेच अवघड आहे. हाडाची खनिजघनता मोजण्याची सर्वमान्य पद्धत म्हणजे डेक्सा नावाची, अत्यल्प क्ष-किरणांवर चालणारी तपासणी. तिचा आकडा तरुण प्रौढाच्या सरासरीच्या तुलनेत अडीच प्रमाण विचलनांनी किंवा त्याहून खाली गेला की अस्थिसुषिरता, म्हणजे ज्याला व्यवहारात ऑस्टिओपोरोसिस किंवा हाडांचा ठिसूळपणा म्हणतात, तिचे निदान होते. ही रेषा मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांच्या अनुभवावर आखलेली आहे. कॉर्टिसॉलने पोखरलेले हाड या रेषेच्या बऱ्याच वर असतानाही मोडते, कारण त्यातील खनिजाच्या प्रमाणापेक्षा जाळीची रचना आणि अस्थिपेशींची संख्या आधी बिघडते. ब्रिटनमधील सामान्य व्यवसायी डॉक्टरांच्या नोंदींतून तोंडावाटे स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलच्याच जातीची औषधे, घेणाऱ्या सुमारे दोन लाख चव्वेचाळीस हजार प्रौढांचा जो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मणक्याच्या अस्थिभंगाचा धोका इतरांच्या २.६ पट आणि खुब्याचा १.६ पट आढळला. दिवसाला साडेसात मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्यांत तर मणक्याचा धोका पाचपटीच्या वर गेला, आणि अडीच मिलिग्रॅमहून कमी, ज्याला डॉक्टर व रुग्ण दोघेही नगण्य समजतात, अशा मात्रेतही तो दीडपट होता. धोका औषध सुरू केल्यापासून तीन ते सहा महिन्यांतच वाढलेला दिसतो आणि औषध थांबवल्यावर उतरणीला लागतो. या एका अभ्यासाने जितके शिकवले तितके फार थोड्या अभ्यासांनी शिकवले असेल, आणि तरीही ‘कमी मात्रा आहे, हाडांना काही होत नाही’ हे आश्वासन अजून सर्रास दिले जाते.

शरीरातच कॉर्टिसॉल जास्त तयार होण्याचा विकार, म्हणजे कुशिंगचा विकार, दुर्मीळ आहे. दहा लाख लोकांत वर्षाला एक-दोन किंवा फार तर तीन नवे रुग्ण इतकेच त्याचे प्रमाण मानले जाते. परंतु अशा रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास रुग्णांत हाडे ठिसूळ आढळतात आणि एक-तृतीयांशाहून अधिक रुग्णांत कुठे ना कुठे, बहुधा मणक्यांत किंवा फासळ्यांत, अस्थिभंग झालेला असतो; किंबहुना काहींत मोडलेला मणका हेच रोगाचे पहिले प्रकट लक्षण असते. इथे वैद्यकाच्या विभागणीचा तोटा दिसून येतो. पाठीच्या दुखण्यासाठी रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, वजनासाठी आहारतज्ज्ञाकडे, रक्तदाबासाठी फिजिशियनकडे आणि अंगावरच्या पट्ट्यांसाठी त्वचारोगतज्ज्ञाकडे; चौघेही आपापल्या परीने योग्य उपचार करतात आणि रोग मात्र वर्षानुवर्षे चौघांच्या मधून निसटतो. चाळिशीच्या आतील माणसाचा मणका किरकोळ कारणाने दबला असेल, त्याला कर्करोग व क्षयरोग नसेल, तर कॉर्टिसॉल तपासले पाहिजे, एवढा नियम जरी पाळला गेला तरी निदानातील विलंब बराच घटेल. गाठ काढल्यावर हाड सावरते, तरुणांत तर पुष्कळच सावरते, पण त्याला महिने नव्हे तर वर्षे लागतात आणि एकदा दबलेल्या मणक्याची उंची परत येत नाही. मुलांत हा विकार वेगळ्या रूपात येतो: वजन वाढते आणि उंची थांबते, आणि या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर तो साधा लठ्ठपणा नसतो, कारण खाण्यामुळे लठ्ठ झालेली मुले सहसा वयाच्या मानाने उंच असतात.

गेल्या काही दशकांत सीटी स्कॅनचा वापर वाढल्याने अतिरेकाचा एक सौम्य प्रकार पुढे आला आहे. मूतखडा किंवा पोटदुखी अशा वेगळ्याच कारणासाठी पोटाचा स्कॅन केला असता शंभरातील तीन ते पाच प्रौढांत अधिवृक्क ग्रंथीवर अनपेक्षित गाठ दिसते आणि उतारवयात हे प्रमाण आणखी वाढते. यातील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, परंतु काही गाठी पियूषिकेचा अंमल न जुमानता थोडे थोडे कॉर्टिसॉल सोडत राहतात. ते ओळखण्यासाठी रात्री अकराच्या सुमारास एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे औषध देऊन सकाळी रक्तातील कॉर्टिसॉल मोजतात, ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दबले नाही तर ग्रंथी स्वैर वागते आहे असा निष्कर्ष निघतो. अशा माणसांना चेहरा गोल होणे, पट्टे पडणे यांपैकी काहीही होत नाही. ती स्वतःला निरोगी समजतात. इटालियन संशोधकांनी केलेल्या पाहण्यांतून मात्र या गटात मणक्यांचे मूक अस्थिभंग लक्षणीयरीत्या अधिक आढळले, तेही खनिजघनता फारशी खालावलेली नसताना. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१६ मध्ये सुचवलेला उपाय साधा आहे: ज्या स्कॅनमध्ये गाठ दिसली त्याच स्कॅनमधील मणके पुन्हा नीट पाहावेत. रुग्णाला नवा खर्च नाही, नवा किरणोत्सर्ग नाही, फक्त त्याच चित्रावरून नजर दोन इंच सरकवायची. अहवालात गाठीचे माप मिलिमीटरमध्ये लिहिले जाते आणि शेजारच्या दबलेल्या मणक्याचा उल्लेखही नसतो, हा निष्काळजीपणा विज्ञानाच्या अपुरेपणाच्या खात्यावर मांडता येत नाही.

अल्डोस्टेरॉनच्या अतिरेकाचा विकार मिशिगनमधील जेरोम कॉन यांनी १९५४-५५ मध्ये वर्णिला. औषधांना दाद न देणारा रक्तदाब ही त्याची मुख्य ओळख आहे आणि हाडांशी त्याचा संबंध अगदी अलीकडे उमगला. मूत्रपिंडात सोडियम व कॅल्शियम यांची ये-जा जोडलेली असते. अल्डोस्टेरॉनमुळे शरीरातील सोडियम व द्रव वाढला की पुढे मूत्रावाटे सोडियमबरोबर कॅल्शियमही अधिक वाहून जाते, रक्तातील कॅल्शियम किंचित घटते, ती घट भरून काढण्यासाठी गळ्यातील परावटू ग्रंथी आपले संप्रेरक वाढवतात, आणि ते संप्रेरक हाडातून कॅल्शियम उपसते. गाठ काढल्यास किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखे विरोधी औषध दिल्यास हे चक्र उलटे फिरते.

अभावाची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. अ‍ॅडिसन यांच्या काळी या ग्रंथींच्या नाशाचे प्रमुख कारण क्षयरोग होते. पाश्चात्त्य देशांत ते जवळजवळ मागे पडून स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला हे कारण पुढे आले, भारतात मात्र क्षयरोगाचा विचार अजूनही अग्रक्रमाने करावा लागतो. क्षयरोगाचा जंतू मणक्यांतही घर करतो, त्यामुळे एकाच रोगाने ग्रंथी आणि कणा दोन्ही पोखरलेला रुग्ण इथल्या डॉक्टरांना अपरिचित नाही. त्यात आणखी एक पेच आहे: क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे मुख्य औषध यकृतातील विकरांना इतके चेतवते की कॉर्टिसॉल आणि ड जीवनसत्त्व ही दोन्ही शरीरातून लवकर नष्ट होतात. ग्रंथी अर्धवट निकामी झालेल्या माणसात क्षयरोगाचे उपचार सुरू केल्यावर एकाएकी रक्तदाब कोसळण्यामागे कधी कधी हे कारण असते, आणि कॉर्टिसॉलच्या भरपाईसाठी आधीच हायड्रोकॉर्टिसोन घेणाऱ्या रुग्णाची मात्रा त्या काळात वाढवावी लागते. कॉर्टिसॉलचा तीव्र अभाव झाला असता कधी कधी रक्तातील कॅल्शियम वाढलेले आढळते, कारण ते हाडातून बाहेर पडते आणि मूत्रपिंडातून पुरेसे निघून जात नाही.

तरीही अ‍ॅडिसनच्या रोग्यांच्या हाडांचे मुख्य नुकसान रोगापेक्षा भरपाईच्या मात्रेने झाले, असेच म्हणावे लागते. निरोगी प्रौढाच्या ग्रंथी रोज किती कॉर्टिसॉल तयार करतात याचे जुने अंदाज फुगलेले होते, त्यामुळे अनेक दशके रुग्णांना दिवसाला तीस मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक हायड्रोकॉर्टिसोन दिले गेले. अचूक मोजमापांनंतर ते १५ ते २५ मिलिग्रॅमवर, दोन-तीन हप्त्यांत विभागून, आणले गेले. स्वीडनमधील लोकसंख्याव्यापी अभ्यासात अशा रुग्णांत खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका सुमारे १.८ पट आढळला. त्यात जादा मात्रेचा वाटा किती आणि ग्रंथी गेल्यामुळे डीएचईए नाहीसे होण्याचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही, विशेषतः स्त्रियांत, कारण रजोनिवृत्तीनंतर त्यांच्या शरीरातील इस्ट्रोजेनचा बराचसा पुरवठा याच द्रव्यापासून होतो.

जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धी या आनुवंशिक विकारात हाडांच्या वाढीचा प्रश्न येतो. कॉर्टिसॉल तयार करण्यासाठी लागणारे एक विकर नसते, पियूषिका अधिवृक्क ग्रंथीला चाबूक मारत राहते आणि कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच महानगरांत केलेल्या नवजात तपासणीत सुमारे पाच हजार आठशे बालकांमागे एकात हा विकार आढळला, म्हणजे तो समजला जातो त्यापेक्षा बराच अधिक आहे. उपचार न झाल्यास मूल आधी भराभर वाढते, वर्गात सर्वांत उंच दिसते आणि घरचे खूश असतात. पण हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कास्थिपट्ट्या पुरुषी संप्रेरकांमुळे लवकर बंद होतात आणि तेच मूल प्रौढपणी बुटके राहते. उलट उपचाराची मात्रा जास्त झाली तरी वाढ खुंटते. या दोहोंमधली वाट अरुंद असते, म्हणून दर काही महिन्यांनी उंची मोजणे आणि मनगटाच्या एक्स-रेवरून हाडाचे वय पाहणे याला इथे औषधाइतकेच महत्त्व आहे. मध्यकातून अ‍ॅड्रेनलिनचा अतिरेक करणाऱ्या फिओक्रोमोसायटोमा या दुर्मीळ गाठीतही कोरियन संशोधकांना कण्याची घनता कमी आढळली आहे. अस्थिजनक पेशींवर अ‍ॅड्रेनलिनचे ग्राही असल्याने ते अनपेक्षित नाही.

या सर्व रोगांचे रुग्ण एकत्र केले तरी त्यांची संख्या औषधामुळे कॉर्टिसॉलचा अतिरेक भोगणाऱ्यांपुढे किरकोळ ठरते. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला प्रथमच कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउस राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, संधिवात, ल्युपस, त्वचेचे व मूत्रपिंडाचे विकार, अवयवरोपण या सर्वांत या औषधांनी असंख्य जीव वाचवले आहेत, आणि हाडांच्या भीतीने ती नाकारणे हा शहाणपणा नव्हे. अडचण आहे ती नोंद आणि देखरेख नसलेल्या वापरात. सांधेदुखीवर ‘गुण येणाऱ्या’ पुड्या, ज्यात पुढे प्रयोगशाळेत डेक्सामेथासोन सापडते, चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या गोळ्या, आणि वर्षभर चालू राहिलेली जुनी चिठ्ठी, हे महाराष्ट्रातील गावोगावचे वास्तव आहे. डेक्सामेथासोनचे पाऊण मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या पाच मिलिग्रॅमइतके असते, हे पुडी देणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला तर नाहीच. दम्याच्या पंपातून जाणारे स्टेरॉइड मात्र या हिशेबात वेगळे धरावे; नेहमीच्या मात्रेत त्याचा हाडांवरील परिणाम फार कमी असतो आणि हाडांच्या काळजीपोटी पंप सोडणाऱ्याला पुढे गोळ्यांचाच मोठा डोस घ्यावा लागतो.

स्टेरॉइडमुळे होणारी दुसरी हानी म्हणजे मांडीच्या हाडाच्या गोल माथ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तो भाग मरणे, ज्याला व्यवहारात ‘एव्हीएन’ म्हणतात. ऑक्सफर्डमधील रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले की प्राणवायूची गरज असलेल्या कोविड रुग्णांत रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दहा दिवसांपर्यंत दिल्यास मृत्यू कमी होतात. प्रत्यक्ष वापर अनेक ठिकाणी ही मात्रा आणि ही मुदत ओलांडून झाला. मुंबईतील शल्यचिकित्सकांनी २०२१ मध्ये कोविडनंतर असा माथा निकामी झालेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यांत स्टेरॉइडची एकूण मात्रा सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकी, म्हणजे पूर्वी घातक मानल्या गेलेल्या सुमारे दोन हजार मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी होती, आणि त्रास कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत सुरू झाला होता. तीन रुग्णांवरून सिद्धान्त उभा राहत नाही. पण जांघेतील दुखणे स्नायूंचे समजून महिनोन्‌महिने मलम चोळत बसू नये, इतका धडा त्यातून निश्चित मिळतो, कारण लवकरच्या अवस्थेत एक्स-रे निर्दोष दिसतो आणि एमआरआयमध्येच दोष सापडतो.

हे वाचून कोणी चालू असलेले स्टेरॉइड एकदम बंद करू नये. काही आठवड्यांहून अधिक काळ बाहेरून औषध मिळाले की स्वतःच्या ग्रंथी झोपी जातात, आणि औषध अचानक थांबल्यास कॉर्टिसॉलच्या अभावाने जीवावर बेतू शकते. मात्रा कमी करण्याचे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीनेच व्हावे लागते.

हाडांसाठी काय करावे याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. अमेरिकन संधिवातशास्त्र महाविद्यालयाच्या शिफारशीप्रमाणे, दिवसाला अडीच मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन तीन महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या अस्थिभंगाच्या धोक्याचे मूल्यमापन उपचार सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत व्हावे. त्यात डेक्सा, मणक्यांचा एक्स-रे, आणि शेफिल्डमध्ये २००८ मध्ये तयार झालेले फ्रॅक्स हे गणित येते. फ्रॅक्समध्ये स्टेरॉइडबद्दल फक्त हो किंवा नाही एवढेच विचारले जाते, म्हणून मात्रा साडेसात मिलिग्रॅमच्या वर असेल तर निघालेला धोका वाढवून वाचावा लागतो. आहार व पूरके मिळून रोज १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पुरेसे ड जीवनसत्त्व ही पहिली पायरी आहे. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून भाकरीचे आणि आंबिलीचे कौतुक रास्तच आहे, पण अस्थिजनक पेशीच मरत असतील तर नुसत्या नाचणीने हाड बांधले जात नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. मध्यम किंवा जास्त धोक्याच्या रुग्णाला अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रोनिक आम्लाचे वर्षातून एकदा सलाइनमधून दिले जाणारे औषध द्यावे लागते. टेरिपॅराटाइड हे नवे हाड घडवणारे इंजेक्शन २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अधिक सरस ठरले: दीड वर्षात मणक्याचे नवे अस्थिभंग अ‍ॅलेन्ड्रोनेट घेणाऱ्यांत ६.१ टक्के, तर टेरिपॅराटाइड घेणाऱ्यांत ०.६ टक्के होते. ज्या विकारात मूळ दोष बांधणीचा आहे त्यात बांधणीचे औषध सरस ठरावे, हे ऑल्ब्राइट यांच्या विचाराशी सुसंगतच आहे. त्याची किंमत आणि रोजची सुई हा मात्र इथल्या बहुसंख्य रुग्णांपुढचा खरा अडसर आहे.

अ‍ॅलेन्ड्रोनेट त्या मानाने स्वस्त आहे, आणि उंची मोजायला तर काहीच खर्च येत नाही. तरुणपणाच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घट झाली असेल तर मणक्यांचा एक्स-रे काढावा, असा मान्य संकेत आहे. दवाखान्यात वजनकाटा असतो आणि प्रत्येक भेटीत त्यावर रुग्णाला उभे केले जाते. उंचीची पट्टी मात्र लहान मुलांपुरतीच भिंतीवर राहते. स्टेरॉइड घेणाऱ्या प्रत्येक प्रौढाला डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी त्या पट्टीशी उभे करावे आणि तो आकडा कागदावर लिहावा. त्यांनी तो लिहिला नाही, तर रुग्णाने तो मागून घ्यावा.